निद्रानिरूपण, अवधान आणि घड्याळ

दासबोधातील मूर्खलक्षणे सर्वांना ठाऊक असतात. अठराव्या दशकाच्या शेवटी लागोपाठ येणारे दोन समास मात्र वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतात. नववा समास निद्रानिरूपणाचा आहे आणि दहावा श्रोत्याच्या अवलक्षणांचा. पहिल्यात झोपेने व्यापलेल्या माणसांचे लांबलचक आणि कमालीचे विनोदी चित्र आहे. जांभया, चुटक्या आणि डुलक्या यांपासून ते सुरू होते. मग कोणी बसल्या जागी घोरू लागतो, कोणी करकरा दात खातो, कोणाच्या अंगाखाली वीणेचा चुराडा होतो. कोणी ओसणत उठतो, कोणी अंधारात चाचपडत भलतीच वाट धरतो, आणि कोणी तर उकिरड्यावर जाऊन निजतो. दुसऱ्या समासात माणूस जागा आहे, निरूपणाला येऊन बसलाही आहे, पण ऐकत नाही. तो फार जेवून आला आहे, त्याला तहान लागते, पोटात कळ येते, काहीतरी चावते, तो घडोघडी उठून जातो. शरीर सिद्ध, पण मनात दुसराच विचार.

या दोन समासांचे शेजारपण आम्हांला महत्त्वाचे वाटते. झोप नीट नसणे आणि लक्ष न लागणे ही एकाच माणसाची दोन गाऱ्हाणी असू शकतात, हे आधुनिक वैद्यकाला मान्य करायला बराच काळ लागला. किंबहुना एकदा मान्य करून त्याने ते सोडूनही दिले होते. समर्थांना आजचा 'एडीएचडी' हा विकार ठाऊक होता असे सुचविण्याचा हास्यास्पद उद्योग आम्ही करणार नाही. जुन्या ग्रंथांत नवी निदाने शोधण्याची खोड आपल्याकडे आधीच पुरेशी बळावली आहे. आमचा मुद्दा इतकाच की हा निरूपणकार उत्तम निरीक्षक होता. तरीही समासाच्या ओघात तो उपदेशाकडे वळतो, आणि मन ज्याचे त्याने आवरावे असा निवाडा येतो. निरीक्षणाकडून निवाड्याकडे जाणारी ही वाट पुढे तीनशे वर्षे वाहती राहिली.

'अवधान' हा शब्द मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. मराठीतील पहिल्या थोर ग्रंथाला श्रोत्याचे लक्ष गृहीत धरता येत नव्हते, ते मागावे लागत होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ती मागणी मुख्यतः मोकळ्या वेळेतल्या माणसांकडे, बहुधा दिवेलागणीनंतर, केली जात असे. वारकरी सप्ताहाची दिनचर्या आजही तशीच आहे. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. वीणा चोवीस तास खाली ठेवायची नसते, म्हणून पहारे लावलेले असतात. मध्यरात्री दोनचा पहारा कोणीतरी घेतोच. रात्री ज्याला झोप येत नाही अशा माणसाला या व्यवस्थेत काम आहे आणि मानही आहे.

चिखली तालुक्यातील उंद्रीच्या पंचक्रोशीत, किंबहुना सगळ्या वऱ्हाडात, दुसरा शब्द आहे तो 'जागल'. उभ्या पिकात रानडुकरे व रोही शिरू नयेत म्हणून शेतात रात्र काढणे म्हणजे जागल. टांझानियातील हाद्झा या शिकारी-संग्राहक समाजातील ३३ प्रौढांच्या झोपेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२० हून अधिक तासांच्या नोंदींत सगळेच एका वेळी झोपले आहेत अशी जेमतेम १८ मिनिटे सापडली. कोणी लवकर निजणारा, कोणी उशिरा निजणारा, कोणी मध्येच जाग येणारा, आणि या विसंगतीतूनच टोळीचा पहारा आपोआप होई, असा तर्क त्यावरून मांडला गेला. तो मोहक आहे. मात्र मराठी इतिहास जाणणाऱ्याने त्यावर भाळून जाऊ नये. 'जागल्या' हा गावकामगारांपैकी एकाचा शब्द आहे, आणि ती जागरणे स्वभावामुळे नव्हे तर जन्मामुळे माणसाच्या वाट्याला येत. ज्याला झोप येत नाही तो जागतो आणि ज्याला झोपू दिले जात नाही तो जागतो, या दोहोंत भेद आहे. सप्ताहाचा पहारा पहिल्या जातीचा, गावकीची जागल दुसऱ्या जातीची.

मग घड्याळ आले. पूर्वीचा दिवस सूर्योदयापासून मोजला जाई, घटका-पळांनी, प्रहरांनी. गावाचा दिवस गावाच्या सूर्याचा असे. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, आणि वऱ्हाडात कोणत्याच गावच्या सूर्याशी संबंध नसलेली रेल्वेची वेळ आली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने तिला कडवा विरोध केला. शहराची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि महापालिकेने ती १९५५ पर्यंत टिकवली. त्या वादात राष्ट्राभिमानाचा भाग होता हे खरे, पण गिरणी कामगारांच्या बाजूने पाहिले तर तो झोपेचाही वाद होता. घड्याळ ३९ मिनिटे पुढे केले की भोंगा तेवढा लवकर होतो, आणि चाळीतल्या माणसाची झोप तेवढी तुटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली, तो लढाही एका अर्थी विश्रांतीच्या हक्काचाच होता.

उंद्रीचे रेखांश पाहिले तर तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे २४ मिनिटे मागे चालतो. ज्याची झोप सहजपणे जुळते त्याला याचे काहीच वाटणार नाही. ज्याचे अंगचे घड्याळच दीड-दोन तास मागे आहे त्याच्या खात्यावर मात्र ही २४ मिनिटे आणखी जमा होतात. पहाटे उठण्याचे माहात्म्य आपल्याकडे जुने आहे, पण ब्राह्ममुहूर्त हा साधकाने स्वतःसाठी धरलेला नेम होता. शाळेची घंटा आणि कचेरीची हजेरी यांनी तो सर्वांवर लादला, आणि जुन्या नेमाचे पावित्र्य नव्या वक्तशीरपणाला येऊन चिकटले. परिणामी उशिरा उठणारा मनुष्य केवळ गैरसोयीचा राहिला नाही, तो नैतिकदृष्ट्या उणा ठरला. सूर्य उगवल्यावर उठणाऱ्याला 'सूर्यवंशी' म्हणण्यात मराठी भाषेची विनोदबुद्धी दिसते. हाच विनोद एखाद्याला वयाच्या चाळिशीपर्यंत रोज सकाळी ऐकावा लागत असेल, तर तो विनोद राहत नाही.

आता वैद्यकाकडे वळू. अवधानाच्या दोषांवर जर्मन वैद्य वायकार्ड यांनी १७७५ मध्ये आणि स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये लिहिले. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी दिलेली व्याख्याने या विकाराच्या इतिहासात नेहमी उद्धृत होतात. त्यांत मुलांच्या या वर्तनाला 'नैतिक नियंत्रणाचा दोष' म्हटले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. निरीक्षण आणि निवाडा यांची गल्लत करण्यात आपणच पटाईत आहोत असे नव्हे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये निघाली. तीत अतिचंचलतेच्या लक्षणांत झोपेत फार हालचाल करणे हेही एक लक्षण होते. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ते वगळले गेले. झोपेच्या तक्रारी इतर अनेक विकारांतही आढळतात, त्यांवरून निदान पक्के होत नाही, हे खरे आहे. परंतु यादीतून लक्षण गेले की वैद्याच्या प्रश्नांतूनही ते जाते. ज्या वर्षी या विकाराला आजचे नाव मिळाले त्याच वर्षी झोप त्यातून बाहेर पडली. समर्थांचे दोन समास असे वेगवेगळ्या पुस्तकांत गेले.

प्रौढांची कथा याहून उशिराची. मूल मोठे झाले की विकार सरतो अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७० च्या दशकात पॉल वेंडर आणि त्यांचे सहकारी प्रौढ रुग्णांबद्दल लिहू लागले. निदानपुस्तिकेने प्रौढांसाठी लक्षणांची वेगळी मर्यादा मात्र २०१३ मध्ये घातली. दरम्यान झोपेच्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये एका वेगळ्याच प्रकृतीचे वर्णन केले होते. या माणसांना झोप लागते, चांगली लागते, पण पहाटे दोन-तीनला. आणि हवे तेव्हा उठू दिले तर ती पुरेशीही होते. त्यांना झोपेचा रोग नाही, त्यांची झोप सरकलेली आहे. सायंकाळी मेंदूत मेलॅटोनिन स्रवू लागते ते अंगच्या घड्याळाच्या हिशेबाने. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की झोप लवकर न लागणाऱ्या प्रौढ एडीएचडी रुग्णांत हा स्राव इतरांपेक्षा बराच उशिरा सुरू होतो. दोन समास पुन्हा शेजारी आले.

यावरून उपायांची दिशा बदलते. झोप सरकलेली असेल, तर दहा वाजता दिवा मालवून अंथरुणावर तळमळणे हा उपाय ठरत नाही. त्याने अंथरूण आणि तळमळ यांचे नाते मात्र घट्ट होते. निजण्याची वेळ धरण्यापेक्षा उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर लगेच उघड्यावरचा उजेड अंगावर घ्यावा, कारण सकाळचा प्रकाश अंगचे घड्याळ पुढे ओढतो आणि रात्रीचा प्रकाश ते मागे ढकलतो. या बाबतीत उंद्रीतला अंगणात उठणारा मनुष्य मुंबईच्या बंद खोलीतल्या माणसापेक्षा भाग्यवान आहे. चहातील उत्तेजक द्रव्याचा अर्धा भाग पाचेक तासांनंतरही शरीरात उरतो, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतरचा कप पाहुणचारापुरताच असावा. एडीएचडीवरील उत्तेजक औषधे काहींची झोप उडवितात, तर काहींना उलट शांत झोपवितात. मात्रेची वेळ वैद्याने माणूस पाहून ठरवावी लागते. पाय स्वस्थ न राहणे हे शरीरातील लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते, आणि घोरण्यामागे श्वास अडण्याचा विकार असू शकतो. हे दोन्ही तपासल्याशिवाय सगळे खापर चंचलतेवर फोडू नये. दात खाणाऱ्यांना आणि घोरणाऱ्यांना हसण्यापूर्वी त्यांची तपासणी करावी, एवढी पुरवणी निद्रानिरूपणाला जोडायला हरकत नाही.

मेलॅटोनिनबद्दल एक गोष्ट विशेष. ते झोपेची गोळी म्हणून निजताना घेतले तर फारसे साधत नाही; अल्प मात्रेत, काही तास आधी घेतले तर घड्याळ सरकते. डच संशोधकांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ अर्धा मिलिग्रॅम मात्रेने तीन आठवड्यांत मेलॅटोनिनचा स्वाभाविक स्राव सुमारे दीड तास अलीकडे आला आणि अवधानाच्या विकाराची लक्षणेही सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. उपचार थांबविल्यावर दोन आठवड्यांत घड्याळ आपल्या जुन्या जागी परतले. म्हणजे इलाज झाला, स्वभाव बदलला नाही. वर्षानुवर्षे 'मनावर घे, जमेल' असे ऐकत आलेल्या माणसाला हा आकडा दाखवावा असे आम्हांला वाटते. असे औषध अर्थातच वैद्याच्या सल्ल्याने घ्यायचे. त्याला जोडून निद्रानाशावरची वर्तनोपचाराची पद्धतही आहे, पण ती शिकवणारी माणसे तालुक्याच्या गावी शोधावी लागतात.

मात्र गावात वेगळीच अडचण उभी राहते. महाराष्ट्रात कृषिपंपांना आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची रीत अनेक वर्षे चालली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली ती याच तक्रारीतून. रब्बीत हरभऱ्याला रात्री पाणी देणारा शेतकरी हा खरे तर पाळीत काम करणारा कामगारच. ज्याचे अंगचे घड्याळ आधीच सैल आहे त्याच्यावर अशा फिरत्या पाळीचा घाव अधिक खोल बसतो. अशा आठवड्यात उठण्याच्या ठरावीक वेळेचा नियम त्याला पाळता येणार नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात दिवसा झोपणे सामान्यतः निषिद्ध ठरविले आहे, पण लगेच अपवादांची यादीही दिली आहे, आणि तीत जागरणाने थकलेल्यांचा समावेश आहे. पाणी देऊन पहाटे परतलेल्या माणसाने खोली काळोखी करून दुपारी पाऊण-एक तास निजावे आणि घरच्यांनी त्याला उठवू नये, इतके त्या आधारावर सांगता येते.