घोड्याच्या नावाने आकारणी

शेतातल्या पंपापासून ट्रॅक्टरच्या जाहिरातीपर्यंत ‘एचपी’ इतका रुळला आहे की त्यातला घोडा आता कुणाला दिसत नाही. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात अश्वशक्ती हे शक्तीचे एकक म्हणून भेटते, त्यामुळे ते एखाद्या प्रयोगशाळेत जन्मले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते घडले वसुलीसाठी. ही वसुलीही केलेल्या कामाची नव्हती. काम करण्याच्या ऐपतीची होती. अश्वशक्तीचा पुढचा सगळा इतिहास या एका फरकातून निघतो.

वाफेच्या इंजिनाची घोड्याशी तुलना अश्वशक्तीचे माप ठरवणाऱ्या जेम्स वॉटच्या आधीची आहे. टॉमस सेव्हरीने १७०२ सालीच आपले पाणी उपसण्याचे यंत्र किती घोड्यांचे काम करील, हे लिहून ठेवले होते. खाणमालकाला तीच भाषा कळत होती. ही कल्पना केवळ इंग्रजांची होती असेही नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावची अठराव्या शतकातली विहीर ‘बारा मोटांची’ म्हणून ओळखली जाते; तिचा मोठेपणा सांगायला फूट-हात लागले नाहीत, एका वेळी किती मोटा चालतात एवढे पुरले. मात्र मोटेवरून विहिरीची कुवत सांगणे वेगळे आणि त्या आकड्यावर दरसाल पैसे मागणे वेगळे. हे दुसरे काम वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी केले.

कॉर्नवॉलच्या खाणींना त्यांनी उपशाची इंजिने दिली तेव्हा हिशेब सरळ होता: जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा त्यांचा. दांडा किती वेळा वरखाली झाला हे टिपणारे यंत्र कुलूपबंद पेटीत बसवलेले असे. आजच्या भाषेत तो मीटरच. पण १७८० नंतर चाक फिरवणारी इंजिने गिरण्यांत आणि दारूभट्ट्यांत जाऊ लागली. तिथे आधी न्यूकोमेनचे इंजिन नव्हतेच, घोडे होते. मग वाचलेला कोळसा मोजायचा कशाशी? वॉटने घोडाच मोजायला घेतला. चोवीस फूट व्यासाच्या रिंगणात तासाला १४४ फेरे घालणारा घोडा १८० पौंडांच्या जोराने ओढतो असे धरले, तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड काम होते. त्याने आकडा ३३,००० असा गोल केला आणि प्रत्येक अश्वशक्तीमागे दरसाल पाच पौंड, लंडनमध्ये सहा, अशी आकारणी ठरवली. इंजिन वर्षभर धडधडो की निम्मे वर्ष बंद राहो, रक्कम तीच. कुलूपबंद पेटीची गरज संपली.

यावर जुना आक्षेप असा की आकडा फुगवलेला होता. अभियंता जॉन स्मीटनने घोड्याचे काम मिनिटाला सुमारे २२,००० फूट-पौंड धरले होते, आणि सामान्य घोडा दिवसभर वॉटच्या मापाने राबू शकत नाही, हे खरेच आहे. पण फसवणुकीचा आरोप टिकत नाही. आकारणी अश्वशक्तीच्या संख्येवर होती. घोडा जितका दांडगा कल्पावा तितकी त्याच इंजिनाची अश्वशक्ती कमी भरते आणि वॉटचेच उत्पन्न घटते. त्याला मिळाले ते वेगळेच. दहा अश्वशक्तीचे इंजिन घेणाऱ्या गिरणीवाल्याला दहा घोड्यांपेक्षा कमी काम मिळाल्याची तक्रार करायला जागाच उरली नाही. वॉटच्या इंजिनाचे पेटंट १८०० साली संपले आणि ही वसुली थांबली, माप मात्र राहिले.

ऐपतीवर आकारणी असली की यंत्र आकड्याभोवती वळण घेते, याचा पुरावा विसाव्या शतकातल्या ब्रिटनने दिला. १९२१ पासून तिथे मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता, आणि ही अश्वशक्ती फक्त सिलिंडरचा व्यास आणि संख्या यांवरून काढत. साहजिकच कारखानदारांनी व्यास लहान आणि दट्ट्याचा पल्ला लांब ठेवला. ‘ऑस्टिन सेव्हन’ या गाडीच्या नावातले सात हे करखात्याचे घोडे, इंजिनाचे नव्हेत. फ्रान्समधल्या सिट्रोएनच्या ‘टू सीव्ही’चेही तसेच: कराच्या हिशेबात दोन घोडे, इंजिनाची खरी ताकद नऊच्या आसपास. ब्रिटनने ही पद्धत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मोडीत काढली.

महाराष्ट्रात ती वेगळ्या रूपाने आली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वीज मंडळाने कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक दर लावला. त्याची बाजू कमजोर नव्हती. रानोमाळ विखुरलेले मीटर वाचण्याचा खर्च वसुलीला परवडत नव्हता. वॉटनेही मोजणीची कटकट अशीच टाळली होती. पण वॉटच्या गिऱ्हाइकाला कोळसा पदरचाच जाळावा लागे, त्यामुळे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यात त्याचे नुकसान होते. ठोक दराच्या पंपाला तो लगाम नाही. एक तास चालवा की दहा तास, बिल तेच, आणि कोणत्या पंपाने किती वीज खाल्ली, जमिनीतून किती पाणी काढले, हे कुणाच्याच वहीत नाही. २०२४ च्या मोफत वीज योजनेची मर्यादाही साडेसात अश्वशक्ती अशीच आखली गेली. साडेसातची मोटर दिवसरात्र चालली तरी बिल शून्य आणि दहाची थोडा वेळ चालली तरी बिल पूर्ण, हा न्याय विजेचा नाही आणि पाण्याचा तर मुळीच नाही. मदत द्यायची तर ती जरूर द्यावी, पण मीटर लावून, वापर मोजून द्यावी.