द्राक्षे ताजी विकावीत की बेदाणा करावा? समीकरण मांडून ठरवा
पलूस-तासगाव भागात हंगामात ताज्या द्राक्षांचा दर पडला की हा प्रश्न उभा राहतो. अंदाजावर जाऊ नका, एका ओळीत हिशेब मांडा:

बेदाण्याचा किमान दर = (न × द) + ख

न = एक किलो बेदाण्यास लागणारी द्राक्षे (किलो), द = ताज्या मालाचा बागेतला दर, ख = बेदाण्याचा किलोमागे खर्च (तोडणी, डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट, शेडभाडे, निवडणी, शीतगृह आणि अडकलेल्या पैशाचे व्याज). ‘द’ रोखीचाच धरा; उधारीचा आकडा व्यापाऱ्याच्या तोंडात राहतो.

समजा न ४, द २५ रुपये आणि ख ३५ रुपये. किमान दर १३५ रुपये. सर्व प्रतींची सरासरी याच्या वर जाणार असेल तरच माल शेडवर न्या. अनेक जण फक्त एक नंबर मालाचा दर धरतात आणि तिथेच फसतात.

‘न’ बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. साखर २२ ब्रिक्स असेल तर सुमारे ४ किलो द्राक्षे पुरतात. १८ ब्रिक्सला घाईने तोडणी केल्यास पावणेपाच किलो लागतात. मग हाच किमान दर १५४ रुपयांवर जातो. म्हणून तोडणीआधी बागेच्या चारही बाजूंचे मणी घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर साखर तपासा.