शिवडीची माती, खडकीची पाटी

खडकीच्या युद्धदफनभूमीत पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत त्याच्याविषयी दोन आकडे मिळतात. स्मारकावर अठराशेहून अधिक नावे आहेत, हा पहिला. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष एप्रिल १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून आणून इथे पुन्हा पुरले, हा दुसरा. म्हणजे एकाच स्मारकावर दोन प्रकारची माणसे आहेत. काहींचे अवशेष याच आवारात आहेत. बाकीचे भारतात किंवा पाकिस्तानात कुठल्या तरी छावणीच्या वा गावच्या दफनभूमीत जिथल्या तिथे पडून आहेत. तिथली देखभाल पुढे चालवणे अशक्य झाले म्हणून त्यांची फक्त नावे खडकीला आली. पाटी वाचून हा फरक कळत नाही, आणि पाटीच्या छायाचित्रातून तर अजिबात नाही.

या नावांत ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सिंग सर्व्हिसच्या दोन परिचारिका आहेत. एमी वेडा ओ'ग्रेडी १२ ऑगस्ट १९१६ रोजी मुंबईत कॉलऱ्याने वारली. कॅथलीन पॉवर दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, मुंबईतच आजारपणात गेली. दोघींचे दफन शिवडीला झाले. आता पहिल्या परिच्छेदातले आकडे यांच्यापुढे ठेवून पाहावेत. शिवडीत पुरलेल्या माणसाचे नाव खडकीच्या स्मारकावर असेल, तर ते १९६२ च्या त्या ६२९ मधले असणार. हे अनुमान आहे, पण भक्कम आहे, कारण ते आयोगाच्याच दोन विधानांवर उभे आहे. खडकीत कॅमेरा घेऊन गेलेल्या स्वयंसेवकाला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या चित्राखाली 'केवळ स्मारकावर उल्लेख, कबर नाही' अशी ओळ सहज पडेल आणि पुढे तीच सगळीकडे उतरवली जाईल.

या दोघी मुंबईत का होत्या, याचे उत्तर बसऱ्याकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही. मेसोपोटेमियाची मोहीम हिंदुस्थान सरकारने मुंबईमार्गे चालवली. जखमींची सोय मात्र इतकी अपुरी होती की नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनहून माघार घेताना नदीतल्या आगबोटींवर माणसे अक्षरशः लादून आणावी लागली. 'वरेला' या रुग्णजहाजावरचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी बसऱ्याला लागलेल्या 'मेजिदिया' बोटीची अवस्था पाहिली आणि वर तक्रार केली. वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतले. १९१६ मध्ये व्हिन्सेंट आणि बिंगले यांची चौकशी नेमली गेली. पुढच्या वर्षी मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल निघाला आणि कार्टर यांची साक्ष छापील कागदावर आली. मेसोपोटेमियातले कूट शहर तुर्कांच्या हाती पडले ते २९ एप्रिल १९१६ ला. त्या वर्षी बसऱ्याहून मुंबईला येणाऱ्या रुग्णजहाजांना खळ नव्हता आणि इथे प्रशिक्षित परिचारिकांचा तुटवडा होता. ऑस्ट्रेलियाकडून त्या मागवल्या गेल्या त्या या निकडीतून. १९१६ ते १९१९ या काळात पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिकांनी हिंदुस्थानात काम केले. मुंबई, पुणे, देवळाली इथल्या लष्करी रुग्णालयांत त्यांनी ब्रिटिश शिपायांची आणि तुर्की युद्धकैद्यांचीही शुश्रूषा केली.

मुंबईत त्या वेळी मिळेल त्या मोठ्या इमारतीत खाटा पडत होत्या. जॉर्ज विटेट यांनी बांधलेले, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून आपल्याला माहीत असलेले म्युझियमदेखील युद्धकाळात लष्करी रुग्णालय होते. विटेट स्वतः १९२६ मध्ये वारले आणि शिवडीलाच पुरले गेले. व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स त्यांच्या आधीपासून तिथे आहेत. शिवडीत जुन्या कबरी पाहायला जाणारे बहुधा या दोन वास्तुविशारदांसाठी जातात. ओ'ग्रेडी आणि पॉवर यांना शोधत शिवडी पालथी घालण्यात मात्र हशील नाही.

युद्धात गेलेल्या माणसाच्या कबरीचे छायाचित्र घेणे हा आजच्या डिजिटल कॅमेऱ्याने लावलेला छंद नाही. १९१५ मध्ये फेबियन वेअर यांच्या ब्रिटिश कबरनोंदणी पथकाने रेड क्रॉसच्या मदतीने फ्रान्समधल्या कबरींची छायाचित्रे आणि जागेचा तपशील नातेवाइकांना धाडायला सुरुवात केली होती. देह मायदेशी आणायचा नाही असे ठरल्यावर घरच्यांच्या हाती दुसरे काय देणार? त्या चित्रासोबत कबर कुठे आहे, जवळचे रेल्वे स्थानक कोणते, हे लिहिलेले असे. चित्र आणि ठावठिकाणा हे एकच टपाल होते. २१ मे १९१७ च्या सनदेने इम्पीरियल (म्हणजे आजचे कॉमनवेल्थ) वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले आणि पुढे, दर्जा कोणताही असो, कबरीची शिळा एकाच मापाची, हा नियम झाला. परिचारिकेची शिळा आणि शेजारच्या शिपायाची शिळा लांबून सारख्याच दिसतात, त्याचे कारण हे.

आज हे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. द वॉर ग्रेव्हज फोटोग्राफिक प्रोजेक्ट हा त्यांतला सर्वांत मोठा उपक्रम. २००८ पासून तो आयोगाच्या सहकार्याने चालतो, आणि पहिल्या महायुद्धापासूनची प्रत्येक युद्धकबर व स्मारकावरचे प्रत्येक नाव टिपायचे, असा त्याचा संकल्प आहे. आपल्याकडच्या जुन्या दफनभूमींपुरते बोलायचे तर १९७६ पासूनची ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थांच्या सभासदांनी शिलालेख उतरवण्याचे, फोटो घेण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. काम किचकट आहे. कोरीव अक्षरे वाचायला उन्हाची तिरपी तिरीप लागते. डोक्यावर सूर्य आला की अक्षरे सपाट होतात, आणि पावसाळ्यानंतर शेवाळ. पण खरी मेहनत दफनभूमीच्या फाटकाच्या अलीकडेच होऊन गेलेली असावी लागते.

ती मेहनत कागदांची. ऑस्ट्रेलियन परिचारिकेसाठी पहिला कागद म्हणजे तिचे सेवादप्तर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बी २४५५ या मालिकेत पहिल्या महायुद्धाची ही दप्तरे आहेत आणि ती आता घरबसल्या पाहता येतात. भरतीचा अर्ज, बदल्यांच्या नोंदी, मृत्यूची तार, मागे राहिलेल्या सामानाची यादी आणि मेलबर्नच्या बेस रेकॉर्ड्स कचेरीने घरच्यांशी केलेला पत्रव्यवहार, असे कागद त्यांत एकामागून एक लागतात. दुसरा पुरावा मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींचा. दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन/३ मालिकेत आहेत. तिसरा आयोगाचे रजिस्टर. हे तिन्ही कागद वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामासाठी केले. पहिला पगार व सेवेचा हिशेब ठेवण्यासाठी, दुसरा धर्मविधीची नोंद म्हणून, तिसरा शिळेची देखभाल करण्यासाठी. त्यांचा मेळ बसला तर तो आपोआप बसलेला असतो, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदाचा आग्रह आयुष्यभर धरला. या शोधाला तोच आग्रह लागतो.

स्मारकाच्या पाटीवर मात्र हा सगळा ऐवज आटून आडनाव आणि आद्याक्षरांवर येतो. अशा स्मारकांवर नावे पलटणीनुसार लावण्याची रीत आहे. त्यामुळे वर 'नर्सिंग सर्व्हिस' असे शीर्षक असेल तरच ही बाई होती हे वाचणाऱ्याला उमजते. फोटो काढताना चौकटीत फक्त नाव धरले आणि शीर्षक सुटले, की के. पॉवर हा कुणीही शिपाई होऊ शकतो. घरी पाठवल्या गेलेल्या काशाच्या स्मृतिचकतीवर उलट काळजी घेतलेली होती. स्त्रियांसाठी मजकुरात स्त्रीलिंगी सर्वनाम असलेली वेगळी चकती पाडली होती. अशा सुमारे ६०० चकत्या दिल्या गेल्या. यॉर्क मिन्स्टरमध्ये १९२५ मध्ये फाइव्ह सिस्टर्स खिडकीचे पुनरुज्जीवन करून साम्राज्यातल्या मृत स्त्रियांची चौदाशेहून अधिक नावे ओकच्या पडद्यांवर लिहिली गेली. नावांची पडताळणी करायला ती यादी फार उपयोगी पडते.

दगड जागेवर असतो तिथे काम सोपे. लेमनॉस बेटावर तिसऱ्या कॅनेडियन स्टेशनरी रुग्णालयाच्या मेरी मन्रो आणि मेट्रन जेसी जॅगार्ड या दोघी सप्टेंबर १९१५ मध्ये वारल्या. त्यांच्या कबरी पोर्तियानोसच्या लष्करी दफनभूमीत आहेत, शिळा उभ्या आहेत, नावे स्पष्ट आहेत. फोटोखाली एक ओळ पुरते.

बसऱ्याला तसे नाही. १५ जानेवारी १९१८ रोजी शत-अल-अरबच्या पात्रात एका लाँचला अपघात होऊन फ्लोरेन्स कॉम्प्टन, फ्लोरेन्स फेथफुल, फॅनी टिंडल आणि अ‍ॅलिस वेलफर्ड या चार परिचारिका बुडाल्या. त्यांच्या कबरी असलेल्या बसरा युद्धदफनभूमीतल्या सगळ्या शिळा १९३५ मध्येच उचलल्या गेल्या. तिथल्या जमिनीतला क्षार दगड खात होता. नावे मग एका भिंतीवर गेली. अमारा इथे हेच १९३३ मध्ये झाले होते. म्हणजे बसऱ्याला देह जमिनीत आणि नाव भिंतीवर. खडकीलाही नाव पाटीवर आणि अवशेष जमिनीत, फक्त ते दुसरीकडून आलेले. दोन्ही फोटो सारखेच दिसतील. बसऱ्याच्या भिंतीमागे क्षाराची कथा आहे आणि खडकीच्या पाटीमागे शिवडीची, हे फोटोतून निघत नाही. सांगायचे झाले तर शब्दांतच सांगावे लागते, आणि ते शब्द लिहिण्याची जबाबदारी फोटो काढणाऱ्याची आहे असे माझे मत आहे. मागाहून पाहणाऱ्यावर ते सोडले, तर तो चित्रालाच पुरावा मानणार.

तारखांचेही एक कुंपण आहे. पहिल्या युद्धासाठी आयोग ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू धरतो. मेसोपोटेमियाच्या मुख्य मेट्रन बीॲट्रिस इझाबेल जोन्स जानेवारी १९२१ मध्ये बगदादमध्ये वारल्या, लढाई संपून दोन वर्षे झाली होती, तरी त्या या कुंपणाच्या आत आल्या आणि नॉर्थ गेटच्या युद्धदफनभूमीत त्यांची कबर आहे. आजारी पडून सेवेतून मुक्त झालेली, घरी जाऊन वर्षभराने वारलेली परिचारिका मात्र बाहेर राहू शकते. तिच्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सेवेतच आजार जडल्याचा कागद, दोन्ही पुढे करावे लागतात. 'इन फ्रॉम द कोल्ड' या स्वयंसेवी प्रकल्पाने अशी सुटलेली नावे शोधून आयोगापुढे ठेवली आहेत. आधी कागद, मग मान्यता, मग शिळा, आणि सर्वांत शेवटी फोटो, असा हा क्रम.

आपल्या बाजूचा हिशेब मात्र या क्रमात बसत नाही. याच रुग्णालयांत रुग्ण उचलणारे बेअरर, वॉर्डातले नोकर, स्वयंपाकी, भंगी हे सगळे हिंदुस्थानी होते, आणि कॉलरा त्यांनाही होत होता. आयोगाने स्वतः नेमलेल्या विशेष समितीने २०२१ च्या अहवालात मान्य केले की आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या किमान १,१६,००० मृतांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी स्मरण केले गेले नाही, किंवा मुळीच केले गेले नाही. समतेचा नियम शिळेच्या मापाला लागू होता. शिळा कुणाला द्यायची, याचा निकाल आधीच लागलेला होता. इथे स्वयंसेवकाच्या कॅमेऱ्याला टिपायला काही नाही. ज्यांना हे काम पुढे न्यायचे आहे त्यांनी पलटणींची हजेरीपत्रके, पेन्शनची दप्तरे आणि नगरपालिकांची मृत्यूरजिस्टरे उघडली पाहिजेत. मुंबईपुरते तरी ते आपल्या आवाक्यात आहे.

शिवडी-खडकीच्या फोटोखाली काय लिहावे? माझ्या मते तीन गोष्टी: मृत्यू मुंबईत, दफन शिवडीत, नाव खडकीत, आणि प्रत्येकीपुढे तिचा कागद. १९६२ चे स्थलांतर हे अनुमान म्हणून, पण कारणासह. एवढ्याने चार ओळी होतात.

नॅरेल हॉब्सच्या बाबतीत त्याही होत नाहीत. न्यू साउथ वेल्सची ही परिचारिका ब्रिटिश लष्कराच्या राखीव सेवेत शिरली. माल्टा, हिंदुस्थान, मेसोपोटेमिया असा प्रवास तिने केला, आणि आजारी होऊन घरी परतताना मे १९१८ मध्ये जहाजावरच तिचा अंत झाला. देह समुद्रात सोडला. पण तिने घरी लिहिलेली पत्रे जपून राहिली होती, आणि २००६ मध्ये मेलनी ओपनहायमर यांनी त्यांच्यावरून तिचे चरित्र लिहिले. ओ'ग्रेडीबद्दल तारीख, आजार आणि दोन जागा हाती लागतात. फोटो काढायला कबरच नसलेल्या हॉब्सबद्दल अख्खे पुस्तक आहे.