विष कशाला म्हणावे? पानिपतचा युरिया आणि मुंबईची प्लेगची कुपी

14 जानेवारी ही तारीख मराठी माणसाच्या मनात पानिपताशी 1761 पासून कायमची जोडली गेली आहे. त्याच तारखेला, 1993 साली, भारताने पॅरिस येथे रासायनिक अस्त्रबंदी करारावर स्वाक्षरी केली. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. परंतु या कराराचा आजच्या पानिपताशी असलेला संबंध मात्र योगायोगाचा नाही.

पानिपतात नॅशनल फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना 1979 पासून चालू आहे. शहराजवळच इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि त्याला जोडून नाफ्थ्यापासून ग्लायकॉलसारखी रसायने तयार करणारा प्रकल्प आहे. युरिया शेतात जातो, ग्लायकॉलपासून पॉलिएस्टरचा धागा होतो. यांत शस्त्र म्हणावे असे काहीच नाही. तरीही कराराच्या पडताळणी परिशिष्टानुसार, अशी कार्बनी रसायने वर्षाला 200 टनांहून अधिक प्रमाणात संश्लेषणाने तयार करणाऱ्या कारखान्यांची माहिती हेग येथील आंतरराष्ट्रीय संघटनेला कळवावी लागते आणि त्यांपैकी निवडक ठिकाणी तिचे निरीक्षक येऊ शकतात. शस्त्रबंदीच्या कायद्याने खताच्या कारखान्याचा हिशेब का मागावा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की ‘रासायनिक अस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना जगाला किती ठेचा लागल्या, हे कळते.

विषाच्या वापराविषयीचा संकोच पुरातन आहे. मनुस्मृतीने युद्धात विषारी शस्त्रे निषिद्ध मानली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र शत्रूवर योजावयाच्या विषारी धुरांसाठी आणि चूर्णांसाठी स्वतंत्र अधिकरण आहे. निषेध आणि कृती यांचे हे सहजीवन पुढे युरोपातही दिसते. 1899 च्या हेग घोषणेने गुदमरवणारे किंवा अपायकारक वायू पसरवणे हाच ज्यांचा एकमेव उद्देश आहे, अशा प्रक्षेपकांवर बंदी घातली. त्या वाक्यातील ‘प्रक्षेपक’ आणि ‘एकमेव’ हे दोन शब्द पुढे फार महाग पडले. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला तो तोफगोळ्यांतून नव्हे. खंदकांत पुरलेल्या हजारो नळकांड्यांच्या तोट्या उघडल्या गेल्या आणि वाऱ्याने उरलेले काम केले. घोषणेचा शब्द शाबूत राहिला, माणसे मेली. चारच दिवसांनी, 26 एप्रिलला, त्याच रणभूमीवर ब्रिटिश हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला वायूचा सामना करावा लागला. त्या दिवशीच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पहिल्या महायुद्धानंतर 17 जून 1925 चा जिनिव्हा प्रोटोकॉल आला. त्याने विषारी वायूंबरोबरच जंतुयुद्धावरही बंदी घातली, आणि शब्दांतील पळवाटा बुजवण्यासाठी ‘तत्सम द्रव, पदार्थ किंवा साधने’ असा विस्तार केला. परंतु बंदी होती ती केवळ वापरावर. बनवणे, साठवणे, संशोधन करणे यांना आडकाठी नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानने 1930 मध्ये प्रोटोकॉलला मान्यता देताना राखीव अटी घातल्या: शत्रूने नियम मोडला तर आपणही बांधील राहणार नाही. अनेक राष्ट्रांनी असेच केले. परिणामी ही बंदी प्रत्यक्षात ‘पहिला वार मी करणार नाही’ एवढ्याच वचनापुरती उरली.

प्रोटोकॉलच्या या मर्यादा जगापुढे असतानाच, मुंबईत एक खटला आकार घेत होता. त्याला युद्धाशी काहीही देणेघेणे नव्हते, परंतु व्याख्येची खरी अडचण त्यातून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

परळच्या जुन्या राजभवनात 1899 पासून प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. 1925 पासून ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. लस बनवायची तर प्लेगचे जिवंत जंतू जोपासावेच लागतात. त्यामुळे हाफकिन संस्थेतील कुप्यांत लक्षावधी लोकांचे रक्षण आणि त्यांचा संहार ही दोन्ही सामर्थ्ये एकाच वेळी साठवलेली होती.

आजच्या झारखंडातील पाकूडच्या जमीनदार घराण्यात दोन सावत्र भावांचा इस्टेटीवरून वाद होता. थोरला बिनयेंद्र पांडे आणि त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांनी प्लेगचे जंतू मिळवण्याचा प्रयत्न आरंभला. 1932 मध्ये हाफकिन संस्थेकडे थेट मागणी केली, तेव्हा संस्थेने बंगालच्या सर्जन-जनरलची परवानगी आणण्यास सांगितले. हा दरवाजा बंद झाल्यावर वाट काढली गेली ती मुंबईतल्या आर्थर रोड येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयातून. प्लेगवरील औषधाच्या संशोधनाचे निमित्त सांगून तारानाथला 1933 च्या जुलैत तेथील प्रयोगशाळेत काम करण्याची मुभा मिळाली आणि प्लेगचे जंतू त्याच्या हाताशी आले. 26 नोव्हेंबर 1933 रोजी हावडा स्थानकाच्या गर्दीत धाकटा भाऊ अमरेंद्र याच्या दंडाला कोणीतरी टोचून गेले. 4 डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. रक्ततपासणीत प्लेगचे जंतू आढळले. बिनयेंद्र आणि तारानाथ यांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली; 1936 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

या खटल्यात न्यायालयाला ‘जैविक अस्त्र’ म्हणजे काय, हे ठरवावे लागले नाही. कट आणि खून सिद्ध होणे पुरेसे होते. परंतु जो कायदा खून होण्यापूर्वीच हात धरू पाहतो, त्याची पंचाईत इथेच होते. परळच्या कुपीतील जंतू आणि हावड्याच्या सुईवरील जंतू जीवशास्त्राच्या दृष्टीने एकच. जंतूंवर बंदी घालावी तर लस बंद पडते. घालू नये तर सुई मोकळी राहते. फरक पदार्थात नाही, तो पदार्थ बाळगण्याच्या हेतूत आहे.

10 एप्रिल 1972 रोजी स्वाक्षऱ्यांसाठी खुला झालेल्या जैविक अस्त्रबंदी कराराने नेमके हेच सूत्र स्वीकारले. त्यात जंतूंची यादी नाही. प्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततामय उपयोगांसाठी ज्यांचे समर्थन करता येत नाही, अशा प्रकारचे आणि अशा प्रमाणातील जंतू व जैविक विषे विकसित करणे, बनवणे वा साठवणे निषिद्ध ठरले. 1993 च्या रासायनिक करारानेही हीच वाट धरली: विषारी रसायन आणि त्याचे पूर्वघटक हे मुळात अस्त्रच मानायचे, मात्र उद्देश उद्योग, शेती, संशोधन, औषध यांसारखा अनुमत असेल आणि प्रकार व प्रमाण त्या उद्देशाशी सुसंगत असेल, तर ते अस्त्र नव्हे. क्लोरीन कराराच्या कोणत्याही अनुसूचीत नाही, आपल्या नळाच्या पाण्यात तो हवाच. पण सीरियात तो माणसांवर टाकला गेला तेव्हा तो निःसंशय रासायनिक अस्त्र ठरला. अश्रुधुराचेही तसेच. युद्धतंत्र म्हणून तो निषिद्ध आहे, देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी अनुमत. पानिपतावरून उत्तरेला जाणाऱ्या जीटी रोडवर, अंबाल्याजवळच्या शंभू सीमेवर फेब्रुवारी 2024 मध्ये शेतकऱ्यांवर तो सोडला गेला. रणांगणावर जे निषिद्ध, ते नागरिकांवर अनुमत असावे का, हा प्रश्न कराराने राष्ट्रांवर सोडून दिला आहे.

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. जे मोजता येत नाही त्याची व्याख्या करू नये, अशी आमची शिस्त. हेतू तर मोजता येत नाही. या करारांतील शहाणपण मला दिसते ते ‘प्रकार आणि प्रमाण’ या शब्दांत. मनातले दिसत नसले तरी गोदामातले दिसते. रोगनिदानासाठी ग्रॅमभर विष लागत असेल, तर क्विंटलभर साठ्याचा खुलासा द्यावा लागतो. पानिपतच्या युरियाचा हिशेब मागितला जातो तो याच कारणाने. युरिया निरुपद्रवी आहे. परंतु मोठ्या प्रमाणावर कार्बनी रसायने बनवू शकणारी यंत्रसामग्री कुठे आहे आणि ती कशासाठी चालते, हे जगाला ठाऊक असावे लागते.

हिशेब मागितला जातो तेव्हा काय घडते, याचे उदाहरण खुद्द भारतच आहे. ऑगस्ट 1992 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी रासायनिक अस्त्रे न बाळगण्याचे संयुक्त जाहीरनाम्याने घोषित केले. परंतु करार अमलात आल्यावर, 1997 मध्ये, भारताने आपल्याकडे सुमारे एक हजार टन गंधकयुक्त मस्टर्डचा साठा असल्याचे अधिकृतपणे कळवले. राजकीय घोषणेत न आलेले सत्य कराराच्या तक्त्यात भरावे लागले. आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली त्या साठ्याचा नाश 2009 मध्ये पूर्ण झाला. दरम्यान 2000 च्या कायद्याने कराराची व्याख्या भारतीय कायद्यात आणली. तो 1 जुलै 2005 पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीच्या कायद्याने जैविक अस्त्रांची 1972 ची व्याख्याही स्वीकारली.

जैविक कराराची कहाणी मात्र याच्या उलट आहे. तो 26 मार्च 1975 रोजी अमलात आला. 2025 मध्ये त्याला 50 वर्षे पूर्ण झाली. व्याख्या उत्तम, पण पडताळणीची यंत्रणा आजही नाही. कराराचा एक पालक असलेल्या सोव्हिएत संघाने स्वाक्षरीनंतरही गुप्त जंतुकार्यक्रम वाढवला. 1979 मध्ये स्वेर्दलोव्स्क येथील लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू निसटले आणि किमान 60 माणसे दगावली. खरे कारण मॉस्कोने 1992 मध्ये मान्य केले. पडताळणीचा मसुदा बरीच वर्षे घासूनपुसून तयार झाला होता. 2001 मध्ये अमेरिकेने तो नाकारला आणि तेव्हापासून तो विषय रखडला आहे.

म्हणून जैविक क्षेत्रात आजही आपण 1932 च्या हाफकिन संस्थेच्याच जागी उभे आहोत. दार राखणारा असतो तो कुपी देण्यापूर्वी ‘कशासाठी?’ असे विचारणारा कोणी कारकून वा संशोधक. परळला तो प्रश्न विचारला गेला, तेव्हा कट वर्षभर अडला. आर्थर रोडला संशोधनाचे उत्तर पुरेसे मानले गेले, आणि एका माणसाचा जीव गेला. नोंदवह्या, परवानग्या, तक्ते, तपासणी यांचा आम्हा संशोधकांना नेहमीच जाच वाटतो. परंतु जंतूंना आणि रसायनांना हेतू नसतो. तो कागदावर उमटवून घ्यावा लागतो. अस्त्रबंदीच्या कायद्याजवळ याहून धारदार हत्यार आजवर तरी सापडलेले नाही.