किती उजेड? एक्स्पोजरच्या इतिहासातील एक वाद

फिल्मचा कॅमेरा प्रथमच हाती घेणाऱ्यापुढे उभा राहणारा प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटतो: अपर्चर किती ठेवावे आणि शटर किती वेळ उघडावे? जाणकार त्याला एक सूत्र सांगतात. लख्ख ऊन असेल तर अपर्चर १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याजवळचा घ्यावा. म्हणजे १०० ची फिल्म असल्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. ऊन मंदावले की अपर्चर ११, आभाळ भरून आले की ८. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट वा निम्मा होतो, एवढेच त्या गूढ आकड्यांचे रहस्य. फिल्मचा आकडा तरी कुठे दैवी असतो? १९६० मध्ये अमेरिकी मानक बदलले, त्यातील सुरक्षेची जादा मात्रा काढून टाकण्यात आली, आणि अनेक कृष्णधवल फिल्मचे आकडे जवळजवळ दुप्पट झाले. फिल्म मात्र तीच होती.

या सूत्रामागे एक जुना वाद आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो पाहावा असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकात एक्स्पोजर हा बहुतांशी अंदाजाचा, हातवळणाचा विषय होता. भिंगावरचे झाकण काढायचे, मनात सेकंद मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. चुकले तर अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या बळावर सावरून घेता येईल, अशी समजूत होती. या समजुतीला धक्का दिला तो इंग्लंडमधील विडनेस या कारखान्यांच्या गावी राहणाऱ्या दोन हौशी मित्रांनी. फर्डिनंड हर्टर हा मूळचा स्वित्झर्लंडचा रसायनशास्त्रज्ञ, तर व्हेरो ड्रिफील्ड हा इंजिनियर. प्रमाणित मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी एकाच काचेच्या प्लेटच्या निरनिराळ्या पट्ट्यांना चढत्या क्रमाने उजेड दिला, प्रत्येक पट्टीवर किती काळिमा आला ते मोजले आणि १८९० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा आलेख आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या पायथ्याशी रेषा आळसावलेली असते, मधे ती सरळ चढते आणि माथ्यावर पुन्हा वाकते. सावलीतला तपशील पायथ्याच्याही खाली गेला तर तो प्लेटवर उमटतच नाही, आणि जे उमटलेच नाही ते कोणतेही रसायन परत आणू शकत नाही. डेव्हलपिंगचा वेळ वाढवला तर चित्राचा एकूण उठाव वाढतो. गडद आणि फिकट यांचे परस्परप्रमाण मात्र मनाला येईल तसे मोडता येत नाही.

या निष्कर्षाने सर्वांत घायाळ झाला तो पी. एच. एमर्सन. शिक्षणाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थाने नॉरफॉकच्या पाणथळ प्रदेशातील माणसांची आणि निसर्गाची अपूर्व छायाचित्रे काढली होती. १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ हा ग्रंथ लिहून छायाचित्रण ही कला आहे, असे त्याने मोठ्या आवेशाने मांडले होते. मग वर्षा-दीड वर्षातच त्याने सुतकी काळ्या चौकटीची एक पुस्तिका काढून त्या मताचा मृत्यू जाहीर केला. छटांवर कलावंताची सत्ता चालत नसेल तर ही कला कसली, असा त्याचा युक्तिवाद होता. आपलाच सिद्धांत इतक्या जाहीरपणे मागे घेणारा समीक्षक विरळा. आमच्याकडे तर फारच विरळा!

पण त्याचा निष्कर्ष आम्हांस पटत नाही. अक्षरगणवृत्तात गण ठरलेले असतात. म्हणून कोणी कवीला कारकून म्हणत नाही. माध्यमाचा नियम कळला की निवड संपत नाही, ती आधीच्या क्षणाकडे सरकते. १९४० च्या सुमारास अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी बसवलेल्या ‘झोन’ पद्धतीत हेच दिसते. १९३० च्या दशकात विद्युत प्रकाशमापक छायाचित्रकारांच्या हाती आले होते. पण मापकाला समोर काय आहे ते कळत नाही. चुन्याने रंगवलेली भिंत असो वा काळी म्हैस, तो दोघांनाही मधल्या करड्या रंगावर आणून ठेवतो. भिंत पांढरी दिसायला हवी असेल तर मापक सांगतो त्याहून एक-दोन पायऱ्या अधिक उजेड द्यावा लागतो, म्हशीसाठी तितकाच कमी. म्हणजे कोणती सावली तपशिलासह राखायची आणि कोणती काळोखात सोडून द्यायची, हे बटण दाबण्यापूर्वी माणसालाच ठरवावे लागते. नवख्याने निगेटिव्ह फिल्मवर शंका आल्यास थोडा अधिकच उजेड द्यावा; पारदर्शिकेच्या फिल्मवर नेमके उलट.

एमर्सनने आपले मत पुन्हा बदलले नाही. १८९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत छायाचित्रण ही कला नव्हे, असे सांगणारे प्रकरणच त्याने घातले. मात्र त्याआधी, १८९५ मध्ये, त्याचे ‘मार्श लीव्हज’ प्रसिद्ध झाले होते. धुके, बर्फ, पाण्याच्या कडेची उघडी झाडे आणि जेमतेम उमटलेल्या छटा यांचे ते पुस्तक अनेक जाणकार त्याचे सर्वोत्कृष्ट पुस्तक मानतात.