कुंपण व काठाची झाडे (भंडारा जिल्हा)

बाग, अंगण किंवा वाफ्याची हद्द आखण्यासाठी लावलेल्या, थोड्या देखभालीत टिकणाऱ्या वनस्पती. वैनगंगेच्या खोऱ्यातील या धान-तलावांच्या जिल्ह्यात अशा झाडांची कसोटी दुहेरी असते : पावसाळ्यात चिकण जमिनीत पाणी साचते, तर मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो.

उंच कुंपण : मेंदी, कोयनेल, अडुळसा व निर्गुडी उपयुक्त. छाटणी मेंदी व कोयनेलला चांगली मानवते. अडुळशाच्या कडू पाल्याला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. काटेरी आडोशासाठी करवंद व सागरगोटा लावतात. कण्हेर काटक असली, तरी तिचे सर्व भाग विषारी असल्याने मुले व गुरे वावरतात तेथे ती टाळावी.

वाफ्याचा काठ : गवती चहा, पावसाळी लिली, सदाफुली व कोरफड. सदाफुली मूळची मादागास्करची. ती बियांपासून आपोआप पसरते. कोरफड व सदाफुलीची मुळे साचल्या पाण्यात कुजतात, म्हणून सु. १५ सेंमी. उंच वरंबा करावा.

लागवड व निगा : मेंदी, कोयनेल, अडुळसा यांची छाट कलमे पावसाळ्याच्या आरंभी सु. ३० सेंमी. अंतरावर लावतात. पहिल्या उन्हाळ्यात पाणी व पालापाचोळ्याचे आच्छादन आवश्यक असते. पुढे वर्षातून दोन छाटण्या बहुधा पुरतात.

दक्षता : बेशरम व घाणेरी सहज वाढतात, परंतु या परदेशी वनस्पती तलावकाठ, बांध व वनजमीन व्यापून स्थानिक झाडोरा हटवतात. त्यामुळे त्या कुंपणासाठी लावू नयेत.