व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया : जंतूंच्या वाटेचा शोध

१/
२७ ऑगस्ट १९५२. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. ब्लेगडॅम रुग्णालयात बारा वर्षांची एक मुलगी गुदमरत होती. पोलिओने तिचे श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली आणि इब्सेन रबरी पिशवी दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरू लागले. मुलगी वाचली.

२/
या घटनेचे मोल कळण्यासाठी आधीचे आकडे पाहावे लागतात. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचा पक्षाघात झालेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. नव्या पद्धतीसाठी पुरेशी यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून अहोरात्र पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

३/
त्या नळीभोवती रबराचा एक लहानसा फुगा होता. पोलिओच्या रुग्णाला गिळता येत नसे आणि तोंडातील लाळ फुप्फुसांत उतरत असे. फुगा फुगवला की नळी व श्वासनलिका यांमधील फट बुजे, हवा बाहेर निसटत नसे आणि लाळही खाली जात नसे, असा हिशेब होता. या फुग्याची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

४/
डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग उभारला. जगातील अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते. विद्यार्थ्यांच्या हातांची जागा यंत्रांनी घेतली. पूर्वी काही तासांत प्राण सोडणारे रुग्ण आता आठवडेच्या आठवडे जगू लागले. त्याबरोबर एक नवे दुखणेही आले. आधी न्यूमोनिया नसलेल्या रुग्णाला नळी घातल्यावर न्यूमोनिया होऊ लागला. नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर उद्भवणाऱ्या अशा आजाराला आज व्हेंटिलेटर-संलग्न न्यूमोनिया म्हणतात.

५/
पहिला संशय यंत्रावर गेला, आणि तो निराधार नव्हता. फुप्फुसांत जाणारी हवा कोरडी राहू नये म्हणून यंत्रातून पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडले जात. १९६५ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील राइनार्झ, पिअर्स आणि सॅनफर्ड यांनी दाखवून दिले की, या पाण्याच्या भांड्यांत जंतूंची पैदास होते आणि तुषारांवर स्वार होऊन ते थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचू शकतात.

६/
उपाय स्वयंपाकघरात शोभावा असा निघाला. व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसेटिक आम्ल सौम्य करून उपकरणे निर्जंतुक करण्यात येऊ लागली. फुप्फुसांचा ऱ्हास करणाऱ्या भयंकर न्यूमोनियाचे प्रमाण त्यानंतर घटल्याचे १९७० मध्ये त्याच गटाने नोंदवले. गुन्हेगार सापडला, असे वाटावे असा हा निष्कर्ष होता.

७/
परंतु स्वच्छ यंत्रावरील रुग्णांनाही न्यूमोनिया होतच राहिला. जोहानसन, पिअर्स आणि सॅनफर्ड यांनी मग यंत्र बाजूला ठेवून रुग्णांचे घसे तपासले. निरोगी माणसाच्या घशात ग्रॅम-निगेटिव्ह जंतू क्वचितच आढळतात. १९६९ मध्ये त्यांना ते मध्यम आजारी रुग्णांपैकी १६ टक्के, तर मरणासन्न रुग्णांपैकी ५७ टक्के जणांत आढळले. शरीर खचले की घशातील रहिवासीच बदलत होते.

८/
१९७२ चा अभ्यास निर्णायक ठरला. अतिदक्षता विभागातील २१३ रुग्णांपैकी ९५ जणांच्या श्वसनमार्गात या जंतूंनी ठाण मांडले होते. त्या ९५ पैकी २२ जणांना रुग्णालयात न्यूमोनिया झाला. उरलेल्या ११८ पैकी तो झाला केवळ ४ जणांना. धोक्याचा मोठा उगम रुग्णाच्या स्वतःच्या तोंडात व घशात होता.

९/
येथे तो फुगा पुन्हा समोर येतो. फुगवलेल्या फुग्यालाही बारीक घड्या राहतात. घशातील लाळ त्याच्या वर साचते आणि त्या घड्यांतून थेंबाथेंबाने खाली झिरपते. निरोगी माणूस अशा वेळी खोकतो. गुंगीच्या औषधाखालील रुग्णाला खोकता येत नाही, आणि नळीमुळे त्याचा स्वरयंत्राचा दरवाजा सदैव उघडाच असतो. त्यातच तो उताणा झोपलेला असेल, तर जठरातील द्रवही घशाशी येतो.

१०/
निदान इतके स्पष्ट झाल्यावर उपायही साधे सुचले. १९९९ मध्ये बार्सिलोनातील डॉक्टरांनी ८६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना सपाट झोपवले, काहींचे डोके व धड ४५ अंशांत उचलून ठेवले. सपाट झोपलेल्यांपैकी ३४ टक्के जणांत न्यूमोनियाची लक्षणे दिसली; उचलून ठेवलेल्यांत ८ टक्के. पुढल्याच वर्षी शिकागोतील चाचणीत रोज एकदा गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे केले गेले. व्हेंटिलेटरवरील मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. नळी लवकर निघाली, तर जंतूंना मिळणारा वेळही कमी होतो.

११/
साधे ते सोपे असतेच असे नाही. २००६ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ४५ अंशांचा नियम प्रत्यक्ष पाळून पाहिला. रुग्ण घसरत, त्यांना वारंवार कूस बदलून द्यावी लागे, खाट खाली करावी लागे. साधलेला सरासरी कोन ३० अंशांपर्यंतही पोहोचला नाही आणि न्यूमोनियाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. खाटेचा कोन टिकवायचा, तर तो दिवसातून अनेकदा पाहणारी परिचारिका हवी आणि तिला तेवढी सवडही हवी.

१२/
२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची यादी केली. कार्बापेनेमला न जुमानणारे ॲसिनेटोबॅक्टर व स्यूडोमोनास हे अतिदक्षता विभागातील परिचित शत्रू तिच्या सर्वांत निकडीच्या गटात होते. औषध निष्प्रभ होऊ लागले की न्यूमोनिया होऊच न देणे हाच भरवशाचा मार्ग उरतो.

१३/
कोरोनाच्या साथीत ‘व्हेंटिलेटर मिळेल का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातील घराघरांत विचारला गेला. तो रास्तच होता. कोपनहेगनमध्ये मात्र पुरेशी यंत्रे नसतानाही माणसे वाचली होती, कारण प्रत्येक खाटेपाशी रात्रंदिवस कोणीतरी बसलेले होते. यंत्र आल्यावर पिशवी दाबणाऱ्या हातांना विश्रांती मिळाली. तोंड स्वच्छ करणे, उशाकडची बाजू उचलून ठेवणे आणि नळी आज काढता येईल का हे रोज विचारणे, ही कामे अजूनही माणसांकडेच आहेत.